प्रतिभेच्या नावाने सिमेंटचा व्यवहार

(धायरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

सिंहगड रस्त्याने धायरी फाट्यावरून आत वळले की दुतर्फा इमारतींच्या रांगा लागतात. धारेश्वराच्या मंदिराभोवतीची एकेकाळची शेतीवाडी आता गृहसंकुलांखाली गेली आहे. २०१७ साली धायरी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली, त्याआधीच तिचे गावपण पुष्कळसे ओसरले होते. आज येथे कोणाला घराची एखादी भिंत वाढवायची असेल, तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तो सिमेंटच्या गोण्या विकत घेतो, पैसे मोजतो आणि टेम्पोतून घरी आणतो. या व्यवहारात सरकार कोठेही आडवे येत नाही. म्हणूनच आजच्या तिशी-पस्तिशीतल्या तरुणाला सांगून खरे वाटणार नाही, की याच महाराष्ट्रात सिमेंटच्या गोणीपायी एका मुख्यमंत्र्याला पद सोडावे लागले होते.

ही कथा चार दशकांपूर्वीची आहे. पण ती जुनी झालेली नाही. सत्ता हातात आली म्हणजे माणसे उघड चोरी करतातच असे नाही. पुष्कळदा ती सत्कार्याच्या नावाने, पावती फाडून, नोंदणीकृत न्यासाच्या छत्राखाली असे काही करतात की चोरीलाही लाज वाटावी. सत्तेचा हा प्रकार नेमका कसा चालतो, हे समजून घ्यायचे असेल तर महाराष्ट्रात १९८१ च्या सिमेंट प्रकरणासारखा दुसरा पाठ नाही.

त्या काळी सिमेंटची किंमत सरकार ठरवीत असे आणि वाटपही सरकारच करीत असे. उत्पादन थोडे आणि मागणी फार, अशी परिस्थिती होती. केंद्राकडून राज्याला वाटा मिळायचा आणि राज्य सरकार तो परवान्यांद्वारे पुढे वाटायचे. ज्याला घराला गिलावा करायचा आहे, त्याने अर्ज करावा, पुरवठा कचेरीत खेटे घालावेत, आणि नशीब असेल तर मोजक्या गोण्यांचे परमिट हाती पडावे. ज्याला थांबणे शक्य नसे, तो काळ्या बाजाराची वाट धरी. सरकारी भाव आणि काळ्या बाजारातील भाव यांत जे अंतर असे, तेच खरे धन होते. परमिटावर ज्याची सही चाले, त्याच्या हाती या धनाची किल्ली असे.

ही किल्ली कोणाच्या हाती होती, हे पाहण्यासाठी १९८० सालाकडे जावे लागते. त्या वर्षीच्या जानेवारीत श्रीमती इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. काम करणारे सरकार निवडून द्या, अशी त्यांच्या पक्षाची घोषणा होती. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रातील पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार बरखास्त करण्यात आले. नऊ राज्यांच्या विधानसभा एकदम विसर्जित झाल्या. १९७७ मध्ये जनता पक्षानेही काँग्रेसच्या ताब्यातील नऊ विधानसभा अशाच विसर्जित केल्या होत्या, हेही येथे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. चुकीचा पायंडा एकदा पडला की दुसरा पक्ष त्यावरून अधिक निर्धास्तपणे चालतो. मध्यावधी निवडणुकीनंतर जून १९८० मध्ये बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

अंतुले हे कर्तबगारीत कमी नव्हते, हे त्यांचे विरोधकही मान्य करीत. निर्णयाला विलंब लावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१ मध्ये अस्तित्वात आले. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच काळात मिळाले. शिवछत्रपतींची भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्याची घोषणाही त्यांनी केली होती आणि त्या घोषणेने मराठी मन काही काळ भारावून गेले होते. तेव्हा या प्रकरणाचा विचार करताना अंतुले यांचा धर्म, प्रांत किंवा स्वभाव यांकडे बोट दाखविणे हा शुद्ध अन्याय होईल. प्रश्न एका व्यक्तीचा नव्हता. पक्षासाठी आणि पक्षनेत्याच्या नावासाठी राज्ययंत्रणा राबविली तर त्यात वावगे काही नाही, असे मानणाऱ्या वृत्तीचा तो प्रश्न होता.

या वृत्तीचे पहिले दर्शन साहित्याच्या क्षेत्रात घडले. विनय हर्डीकर यांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या आणीबाणीवरील पुस्तकाला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला होता. नव्या सरकारने तो रद्द केला. पुस्तकात काय उणे होते, हे कोणी सांगितले नाही. आणीबाणीच्या काळात सामान्य माणसे कशी वागली, तुरुंगात आणि बाहेर काय घडले, हे एका तरुणाने लिहिले होते, एवढाच त्याचा अपराध. या निर्णयाविरुद्ध मराठी साहित्यिकांत संतापाची लाट उसळली. १९८१ मध्ये अकोल्यास गो. नी. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन भरले, तेव्हा त्याला समांतर असे दुसरे संमेलन मुंबईत मालतीबाई बेडेकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले. शासनाच्या मदतीवर साहित्याने जगावे काय, हा प्रश्न तेव्हा प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडला गेला.

दांभिकपणा कशाला म्हणतात, ते येथे पाहावे. एका लेखकाचा पुरस्कार हिरावून घेणारे हेच सरकार त्याच सुमारास लेखक-कलावंतांच्या कल्याणाची चिंता वाहत होते! ऑक्टोबर १९८० मध्ये ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ या न्यासाची स्थापना झाली. साहित्य, संगीत, नाट्य, चित्र अशा क्षेत्रांतील गुणीजनांना साहाय्य करावे, हा त्याचा घोषित हेतू. त्यात शासनाचा निधी घालण्यात आला. मुख्यमंत्र्यांच्या पुढाकाराने असे आणखीही न्यास उभे राहिले. कोकणाच्या उन्नतीचे नाव घेणारा एक न्यासही त्यांत होता. कलेची सेवा, मागास भागाचा विकास, गरिबांना मदत, असे एकही उद्दिष्ट नव्हते की ज्याला कोणी विरोध करावा.

मग पैसा कोठून आला? बांधकाम व्यावसायिकांनी देणग्या दिल्या. सहकारी साखर कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम द्यावी, अशी व्यवस्था झाली. औद्योगिक अल्कोहोल ज्यांना हवे होते, त्यांचेही हात सैल झाले. ज्यांची कामे शासनाकडे अडलेली होती, त्यांच्याच अंतःकरणात एकाएकी कलेविषयी असे प्रेम का उचंबळून यावे, हा प्रश्न कोणाही सामान्य माणसाच्या मनात येईल. मुंबईच्या बिल्डरांना नेहमीच्या कोट्याबाहेर सिमेंटचे तदर्थ वाटप होत होते आणि त्याच बिल्डरांचे धनादेश न्यासाकडे जमा होत होते. एका बाजूला परमिट, दुसऱ्या बाजूला पावती. मधली रेघ ओढायचे काम तेवढे उरले होते.

ती रेघ ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ओढली गेली. ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि देशभर खळबळ माजली. इंदिराजींच्या नावाचाच कसा व्यापार मांडला गेला आहे, हे त्या लेखाचे शीर्षकच सांगत होते. संसदेत दिवसेंदिवस वादळ उठले. ज्या नावाच्या बळावर देणग्या गोळा झाल्या, ते नाव पुढे न्यासाच्या फलकावरून उतरविण्यात आले आणि नुसते ‘प्रतिभा प्रतिष्ठान’ उरले. गोळा झालेल्या रकमा मात्र नावाबरोबर परत गेल्या नाहीत.

या लढ्याचा विशेष हा, की तो कोणा एका पक्षाचा नव्हता. समाजवादी विचारांच्या मृणालताई गोरे आणि प. बा. सामंत यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. पाणी, भाववाढ, केरोसीन यांसाठी रस्त्यावर लाटणे घेऊन उतरलेल्या मृणालताई आता कायद्याची वाट चोखाळीत होत्या. दुसरीकडे भारतीय जनता पक्षाचे मुंबईतील नेते रामदास नायक यांनी मुख्यमंत्र्यांवर फौजदारी खटला भरण्यासाठी सप्टेंबर १९८१ मध्येच पावले उचलली. समाजवादी आणि जनसंघाच्या परंपरेतील कार्यकर्ते आणीबाणीत एकाच तुरुंगात राहिले होते. पक्ष म्हणून ते पुढे वेगळे झाले, पण सत्तेच्या दुरुपयोगाविषयीची त्यांची चीड मात्र समान राहिली.

१२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. सिमेंटचे वाटप आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. महाराष्ट्राच्या इतिहासात एका विद्यमान मुख्यमंत्र्यावर न्यायालयाने इतक्या स्पष्ट शब्दांत ठपका ठेवण्याचा हा प्रसंग अपूर्व होता. अंतुले यांनी राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. याच न्यायमूर्ती लेंटिन यांनी पुढे जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरॉल प्रकरणाची चौकशी केली आणि त्यांच्या त्या अहवालानेही मंत्रालय हादरले.

अंतुले यांच्या बाजूने जो युक्तिवाद केला गेला, तो मुळातून तपासला पाहिजे, कारण तो आजही ऐकू येतो. पैसे रोख घेतले नाहीत, धनादेशाने घेतले. पावत्या दिल्या. न्यास नोंदणीकृत आहे. एक पैसाही स्वतःच्या खिशात गेलेला नाही. मग यात लाच कोठे आली? वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण कायदा असा भाबडा नाही. भारतीय दंडविधानाच्या तत्कालीन कलम १६१ मध्ये लोकसेवकाने स्वतःसाठी किंवा अन्य कोणासाठीही घेतलेला मोबदला गुन्हाच मानला होता. पैसा कोणाच्या खिशात गेला, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. सरकारी सहीचा तो मोबदला होता काय, हे पाहावे लागते.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या परंपरेने याचा निवाडा केव्हाच करून ठेवला आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्तव्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री दिलेले दान सात्त्विक. उपकाराच्या बदल्यासाठी किंवा फळावर डोळा ठेवून, मनात कुरकुरत दिलेले दान राजस. परमिटाच्या रांगेत उभा असलेला बिल्डर न्यासाला जो धनादेश देतो, तो कोणत्या प्रकारात बसतो, हे सांगायला न्यायाधीश लागत नाही. दान देणाऱ्याच्या मनात भीती असेल तर ते दान नव्हे, ती खंडणी होय. आणि लाभाची आशा असेल तर तो सौदा होय.

या सौद्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बिल्डरने मोजली असे वरवर दिसते. पण त्याने देणगीची रक्कम सदनिकेच्या किमतीत मिळविली असणार, हे उघड आहे. साखर कारखान्याची रक्कम उसाच्या भावातून, म्हणजे शेतकऱ्याच्या घामातून आली. आणि कोट्यातले सिमेंट मोठ्यांच्या इमारतीकडे वळले, तेवढे ते पुरवठा कचेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या मास्तराच्या, कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या वाट्यातून कमी झाले. त्याला पावती कोणी दिली नाही. सत्तेच्या दुरुपयोगात लुबाडला जाणारा माणूस बहुधा अनामिक असतो. म्हणूनच त्याच्या वतीने बोलणारे कोणीतरी लागते.

पुढची कहाणी अधिक उद्बोधक आहे. रामदास नायक यांचा खटला वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला. राज्यपालांची परवानगी, आमदार लोकसेवक आहे की नाही, खटला कोणत्या न्यायालयात चालावा, असे एकेक प्रश्न निघत गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने खटला उच्च न्यायालयाकडे सोपविला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तोच आदेश मागे घेतला, कारण विशेष न्यायाधीशांपुढे खटला चालण्याचा आणि त्यावर अपील करण्याचा आरोपीचा हक्क त्यामुळे डावलला गेला होता. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. आरोपी कितीही बडा असो, त्यालाही कायद्याचे संरक्षण आहे, हे तत्त्व मान्य केलेच पाहिजे. परंतु परिणाम असा झाला, की अखेरीस दोषसिद्धी झाली नाही. अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले, १९९५ मध्ये आरोग्य खात्याचे आणि २००६ मध्ये अल्पसंख्याक व्यवहार खात्याचे. काम करणाऱ्या सरकारची घोषणा देणाऱ्या पक्षाला उच्च न्यायालयाच्या ठपक्याचे विस्मरण व्हायला फार वर्षे लागली नाहीत.

आणि रामदास नायक? ऑगस्ट १९९४ मध्ये वांद्रे येथे मारेकऱ्यांनी गोळ्या घालून त्यांची हत्या केली. त्या हत्येमागे मुंबईच्या गुन्हेगारी जगतातील टोळी होती. तिचा या खटल्याशी संबंध जोडणे योग्य नव्हे. पण मुख्यमंत्र्यांच्या पदापुढे न झुकता, वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजविणारा हा कार्यकर्ता आज किती जणांना आठवतो? महाराष्ट्राचे राजकारण ज्यांना लक्षात ठेवते, त्यांच्या यादीत अशांची नावे कमी असतात.

या लढ्यातून काहीच साधले नाही, असे मात्र नाही. निकालानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस केंद्र सरकारने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविले. १ मार्च १९८९ पासून ते पूर्णपणे गेले. या निर्णयाला आर्थिक कारणे होती, केवळ हे प्रकरण नव्हे. पण त्यातला बोध स्पष्ट आहे. परमिट राहिले नाही, तेव्हा परमिटाचा सौदाही संपला. आज धायरीच्या दुकानात सिमेंटची गोणी कोणाच्या सहीवाचून मिळते, हे त्याचे फळ. सत्तेच्या हाती जितके अनावश्यक अधिकार, तितकी दुरुपयोगाची दारे अधिक.

येथपर्यंतची कथा ऐकताना ज्यांना समाधान वाटले असेल, त्यांनी एक क्षण थांबावे. दुसऱ्याच्या दांभिकतेची कथा ऐकणे सुखाचे असते, परंतु तिचा उपयोग स्वतःची परीक्षा घेण्यासाठी झाला नाही, तर ती करमणूकच ठरते. २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना अमलात आली. राजकारणातील काळा पैसा रोखावा, बँकेच्या मार्गाने देणगी यावी, हा तिचा घोषित हेतू होता. पण देणगीदार कोण, हे मतदाराला कळू नये, अशी तिची रचना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती घटनाबाह्य ठरविली. रोख्यांचा लाभ काँग्रेससह बहुतेक मोठ्या पक्षांनी घेतला, पण सर्वांत मोठा वाटा केंद्रातील सत्ताधारी भारतीय जनता पक्षाला मिळाला. धनादेश होता, बँक होती, कायदा होता. आणि १९८१ मध्ये विचारला गेलेला प्रश्न तरीही शिल्लक होता: देणारा काय अपेक्षेने देतो आहे?

आदर्श प्रकरणाचेही तसेच. कारगिलच्या वीरांचे नाव घेऊन उभ्या राहिलेल्या मुंबईतील इमारतीच्या आरोपांवरून २०१० मध्ये अशोक चव्हाण यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. त्या वेळी त्यांच्यावर सर्वांत प्रखर टीका भारतीय जनता पक्षाने केली होती. २०२४ मध्ये ते त्याच पक्षात आले आणि राज्यसभेवर गेले. त्यांच्यावर न्यायालयात दोष सिद्ध झालेला नाही, हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु ज्या कार्यकर्त्याने २०१० मध्ये चौकाचौकांत पत्रके वाटली, त्याला आज शेजाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देताना अडखळायला होते, हेही तितकेच खरे आहे. आरोप तेव्हा खोटा होता, की प्रवेश आता अनुचित आहे? दोन्ही एकदम बरोबर असू शकत नाहीत.

सत्तेबाहेर असताना नीती सांगणे सोपे असते. त्याला खर्च येत नाही. सत्ता आली म्हणजे नीतीची किंमत मोजावी लागते: कधी एखादी देणगी नाकारावी लागते, कधी एखादी जागा गमवावी लागते, कधी आपल्याच माणसाला थांबवावे लागते. ज्याला ही किंमत मोजण्याची तयारी नाही, त्याने १९८१ च्या सरकारवर टीका करण्याचा अधिकार गमावलेला असतो. पक्ष हे साधन आहे, राष्ट्र हे साध्य आहे, असे शाखेपासून व्यासपीठापर्यंत सांगितले जाते. ते खरे मानायचे असेल, तर निकष विरोधकाला एक आणि आपल्याला दुसरा, असे चालणार नाही.

हे सारे मंत्रालयापुरतेच आहे, असेही मानू नये. धायरी महापालिकेत आली तेव्हा तिच्याबरोबर पाणी, रस्ते, कचरा, बांधकाम परवाने यांच्या कचेऱ्याही आल्या. जिथे अर्ज आहे आणि सही आहे, तिथे १९८१ चे लहानसे बीज असू शकते. उत्सवाच्या मंडपाला, क्रीडास्पर्धेला, वाढदिवसाच्या फलकाला ‘स्वेच्छेने’ देणगी देणारा ठेकेदार पुढच्या महिन्यात कोणत्या निविदेत दिसतो, हे पाहण्याची सवय नागरिकांनी लावून घेतली पाहिजे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाताशी आहे. मृणालताईंना आणि रामदास नायक यांना जे कागद मिळविण्यासाठी झगडावे लागले, त्यांपैकी पुष्कळ कागद आज साध्या अर्जावर मागता येतात. मागणारा मात्र हवा.

प्रतिभेच्या नावाने सिमेंट विकले गेले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली पाहिजे. कोणाला हिणविण्यासाठी नव्हे. पुढच्या वेळी सत्कार्याचा फलक लावून कोणी देणगीची पेटी पुढे करील, तेव्हा पेटीवर कोणत्या पक्षाचे चिन्ह आहे हे न पाहता, देणाऱ्याचे कोणते काम कोणत्या टेबलावर पडून आहे, हे विचारण्याचे धैर्य यावे म्हणून. तो प्रश्न आपल्या माणसालाही विचारता आला, तरच तो विचारण्याचा अधिकार टिकेल.